उलटी पुतळी

सत्तारभाईंच्या डाव्या पायाच्या अंगठ्यात एक खाच होती. आडवी, सरळ, बोटात जुनी अंगठी रुतून बसावी तशी. पन्नासेक वर्षं त्या अंगठ्याला धाग्याचा फेरा देऊन, दुसरं टोक हातात ताणून धरून त्यांनी बायकांच्या गळ्यातल्या माळा गाठल्या होत्या. चप्पल घातली असती तर ती खाच दिसली नसती, पण चप्पल घातलेले सत्तारभाई मी आयुष्यात दोनदाच पाहिले. त्याचं पुढे सांगते.

ते पटवे होते. सोनार दागिना घडवतो, पटवा तो धाग्यात ओवतो, मण्यामण्यामध्ये गाठ मारतो, मागं गोंडा लावतो. चंद्रपुरात बिनबा गेटकडच्या एका गल्लीत, रजई भरणाऱ्याच्या आणि कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या मधोमध त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक ओटा आणि एक गादी. गिऱ्हाईक उभंच राही. मी गुडघ्यांची पेशंट म्हणून मला स्टूल मिळे, आणि ते कुलुपवाल्याचं असे.

गेल्या थंडीत सत्तारभाई वारले. मला ते चार दिवसांनी कळलं. हे लिहायला मी बरेच दिवस टाळाटाळ केली. पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवून मला लिहिण्याचा कंटाळा आला आहे, हे एक कारण. दुसरं कारण असं की यात मी फारशी चांगली दिसत नाही.

पहिल्यांदा गेले ती आईची बोरमाळ घेऊन. आम्ही मूळचे आरमोरीचे. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देव, टाक सगळे वैनगंगेत गेले. बोरमाळ तेवढी आजीनं ठेवून घेतली. तिचा धागा कुजला होता. सत्तारभाईंनी माळ हातात घेतली, एक मणी चिमटीत फिरवला आणि म्हणाले, "सोनं काई थकत नाई, बाई. धागा थकते." पुढं हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलं. प्रत्येक गिऱ्हाइकाला ते हेच सांगत आणि प्रत्येक वेळी नुकतंच सुचल्यासारखं सांगत.

माळ सोडवायच्या आधी त्यांनी एक पत्र्याचा डबा उघडला. आत लाखेच्या चपट्या वड्या होत्या. एक वडी दिव्यावर मऊ करून त्यांनी बोरमाळेचं पदक तिच्यात दाबलं, उलटवून पुन्हा दाबलं, आणि वडीमागं खिळ्यानं काही खूण केली.

"हे काऊन?" मी विचारलं.

"ठसा. तुमची वस्तू तुमालेच मिळाली, याचा पुरावा. आमच्या अब्बांचा रिवाज हाय. ठसा घेतल्याबिगर माळ सोडाची नाई, ठसा लावून पाह्यल्याबिगर परत द्याची नाई. अन् जसं आलं तसं जाईन. आपल्या अकलेनं त्याच्यात काई कराचं नाई."

मी इतिहास शिकवते असं बोलता बोलता कळल्यावर ते थांबले. डब्याच्या तळातून चार वड्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. "मंग हा दाढीवाला कोण, ते सांगा. मी बम दिवसांचा विचारून राह्यलो. सोनार म्हणते विक्टोरिया राणीचा नवरा हाय."

इकडं जुन्या घरांत पुतळ्यांच्या माळा असतात. पुतळी म्हणजे सोन्याचं नाण्यासारखं चपटं पान, त्यावर बाईमाणसाचं चित्र. बहुतेक पुतळ्या सोनारांनीच साच्यावर ठोकलेल्या. पण या चार ठशांवरच्या पुतळ्या साच्यातल्या नव्हत्या. कडेनं अक्षरं होती, ठशात आलेली म्हणून उलटी. सत्तारभाईंकडे दाढी करायचा आरसा होता, तो धरून मी वाचायला लागले आणि माझ्या अंगावर काटा आला. ती रोमन अक्षरं होती. डोक्यावर पानांचा मुकुट घातलेला तो दाढीवाला दुसऱ्या शतकातला रोमचा बादशहा होता. पुस्तकात मी शिकवत असे: रोमशी व्यापार चाले, मिरी आणि मलमल जाई, सोनं येई. दक्षिणेत अशी नाणी पुष्कळ सापडली. त्यांना भोकं पाडून बायकांनी गळ्यात घातली हेही मला ठाऊक होतं. पण आमच्या जिल्ह्यात, कुलुपवाल्याच्या शेजारी, लाखेच्या वडीवर त्यातली चार बसलेली असतील असं मला कोणी सांगितलं नव्हतं.

"राजा हाय म्हणता? मले वाटलंच. मुंडकं एकटंच हाय, म्हंजे राजा. पाठीमागं बाया पूर्ण हायेत, पायापासून डोक्यापर्यंत. काम त्याच करून राह्यल्या," सत्तारभाई म्हणाले.

मी नंतर नागपूरच्या ग्रंथालयात जाऊन वाचलं, तर त्यांचं म्हणणं थोडक्यात बरोबर होतं. रोमन लोक नाण्याच्या मागं देवी काढत, आणि त्या देवी म्हणजे निव्वळ कल्पना असत. आशा, न्याय, सलोखा, आरोग्य. राजाला प्रजेला जे सांगायचं ते त्या बाईच्या हातातल्या वस्तूतून सांगितलं जाई. सत्तारभाईंनी यातलं काही न वाचता आपली नावं ठेवली होती. एक तराजूवाली. एकीवर बाई नव्हतीच, दोन हात एकमेकांत धरलेले होते, ती 'मिळवणी'. एक फूलवाली: उजव्या हातात फूल, डाव्या हातानं लुगडं घोट्यापासून वर उचललेलं. ही रोमन लोकांची आशा, म्हणून मी मोठ्या उत्साहानं सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं.

"आशा असंन. पण ही बाई चिखलातून जाऊन राह्यली. त्याबिगर कोणी लुगडं उचलते का? अन् बाई, चिखलात पाय असून हिनं फूल सोडलं नाई. मले त्याच्यानं ही आवडते."

ग्रंथालयात टिपून आणलेली वही त्यांच्यासमोर काढायचं मी त्या दिवसापासून बंद केलं.

चौथी नागवाली. बाई उभी, हातात पसरट वाटी, समोर एक चौथरा आणि चौथऱ्याला वेटोळं घालून वर तोंड काढलेला साप. बाई त्याला भरवते आहे. ही सालुस, म्हणजे आरोग्य, सुखरूप असणं. सत्तारभाईंच्या मते चौथरा म्हणजे वारूळ आणि वाटीत दूध. मी दुरुस्ती केली नाही. मला तेवढं शहाणपण कधी कधी सुचतं.

ही पुतळी कोणाच्या गळ्यातली, हे मात्र ते सांगत नसत. मी वर्षानुवर्षं आडून आडून विचारलं. एकदा तर मी शिक्षकांच्या खोलीत बढाई मारली, आणि तिच्या जोरावर नागपूरहून नाणी जमवणारे एक गृहस्थ कॅमेरा घेऊन थेट दुकानात हजर झाले. सत्तारभाईंनी त्यांना चहा पाजला. रेशमी धागा कसा वळायचा, मेण कधी लावायचं, गोंड्याला किती फेरे, हे सगळं दीड तास समजावलं. गृहस्थ पत्ते मागत राहिले. शेवटी सत्तारभाईंनी शांतपणे विचारलं, "तुमच्या मिसेसच्या गळ्यात काय हाय, हे मी गल्लीत सांगितलं तर चालंन का साहेब?" गृहस्थ गेले. पुढचे आठ दिवस सत्तारभाई माझ्याशी फक्त हवापाण्याबद्दल बोलले. कुलुपवाल्याचं स्टूलही मिळालं नाही.

असा हा माणूस. रागावला तरी आवाज चढत नसे. त्याचा त्रास जास्त व्हायचा. मी निवृत्त झाले, नवरा गेला, मुलगा पुण्याला गेला. दुपारी वेळ जात नसे तेव्हा मी त्या ओट्यापाशी जाऊन बसे. आम्ही फार बोलत होतो असं नाही. दोन दमलेली माणसं एकमेकांना त्रास न देता बसू शकतात, एवढंच. त्यांच्याकडे काम कमी होत चाललं होतं. नव्या मुलींना मशीनची साखळी हवी असते, धागा नको. जुनी घरं तेवढी माळा पाठवत. बरीचशी खालच्या, तेलुगू बोलणाऱ्या बाजूची, अहेरीची, सिरोंच्याची.

आणि एके दिवशी मी बसलेली असताना सिरोंच्याहून पद्मा आली. पद्मा सरकारी दवाखान्यात नर्स. मीटिंगसाठी चंद्रपूरला आली होती. पर्समधून तिनं रुमालाची पुरचुंडी काढली. "अम्माची माळ. धागा गेला. मी पुढच्या सोमवारी येते." पुरचुंडी उघडली आणि मधोमध नागवाली होती. ठसा नव्हे, ती स्वतः.

पद्मा गेल्यावर सत्तारभाईंनी माझ्याकडे पाहिलं. नियम आपोआपच मोडला होता. त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली. पस्तीस वर्षं मी पोरांना ज्याच्याबद्दल सांगत आले ते माझ्या हातात होतं, आणि ते सत्तारभाईंच्या हाताच्या उबेचं, थोडं खोबरेल लागलेलं होतं. माझे डोळे भरले. लाज वाटायचं कारण नव्हतं, तरी वाटली.

मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली. नाण्याला दोन भोकं होती, राजाच्या डोक्याच्या वर. त्यामुळे माळेत राजा सरळ, जगाकडे तोंड करून बसे. मागची बाई अंगाकडे, आणि तीही उलटी, डोकं खाली पाय वर. शिवाय राजाची दाढी अजून केसन् केस दिसत होती, पण बाईचा चेहरा पार झिजून गुळगुळीत झाला होता.

"हे बघा," मी म्हटलं, "रोममध्ये केवढी फिरली असेल ही, बाजारात झिजली. आणि आपल्याकडं कोणा अडाण्यानं भोक पाडून तिला उलटी टांगली. आरोग्याची देवी आहे ही, सत्तारभाई. हिला सरळ करा, पुढं आणा. त्या राजाचं काय काम आहे बाईच्या गळ्यात?"

देव नदीत सोडणाऱ्या घरातली मी. एका रोमन देवीच्या मानपानासाठी भांडत होते.

"बाई, जसं आलं तसं पाठवाचं असते."

"पण आधीच्याचं चुकलं असेल तर? चूक तशीच पुढं पाठवायची?"

ते बराच वेळ नाणं फिरवत राहिले. "तुमी शिकलेल्या," शेवटी म्हणाले. मी त्यांना गप्प करायला नको होतं. पण त्या वेळी मला फार बरं वाटलं.

नवं भोक त्यांनी पाडलं नसतंच. काठाभोवती सोन्याच्या बारीक तारेचा वेढा दिला आणि राजाच्या हनुवटीच्या बाजूला कडी केली. आता माळ उचलली की नागवाली पुढं, सरळ उभी, वाटी पुढं केलेली. राजा मागं गेला. इतकं नाजूक काम मी त्यांच्याही हातचं कधी पाहिलं नव्हतं. सोमवारी पद्मा गाडीच्या घाईत आली, वरवर पाहून "वा, काय दिसते" म्हणाली आणि घेऊन गेली.

पंधरा-वीस दिवसांनी सत्तारभाई माझ्या घरी आले. कधी आले नव्हते. अंगणात उभे राहिले, पायात चप्पल होती.

"बाई, सिरोंच्याले याल का? मले आता गाडीचे बोर्ड वाचता येत नाई. आळापल्लीले गाडी बदला लागते."

"काय झालं?"

"पद्माचा फोन होता. तिची अम्मा माळ घालून नाई राह्यली. म्हणते, हे माझं नाई. पटव्यानं बदललं."

मी खुर्ची पुढं केली. ते उभेच होते. "पन्नास वर्सांत," ते म्हणाले, "असं कोणी म्हणलं नाई." एवढंच. पद्माला फोनवर त्यांनी खरं ते सांगितलं होतं, की पुतळी तीच आहे, फक्त फिरवली आहे. पद्माला पटलं. अम्माला पटत नव्हतं. आणि अम्मा, लक्ष्मक्का, ऐंशीच्या पुढची, महिनाभर खाटेवर होती. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलेलं. लग्न झाल्यापासून ती माळ तिच्या गळ्यातून उतरली ती फक्त धागा बदलण्यापुरती. आता रिकाम्या गळ्यानं पडून होती आणि रोज विचारत होती की माझी कधी आणून देणार.

सकाळच्या पहिल्या गाडीनं निघालो. आष्टीच्या पुढं खनिजाच्या ट्रकांची रांग लागली. रस्ता उखडून लाल धूळ झालेला, खिडक्या बंद करूनही दातांत कचकच. आळापल्लीला दुसरी गाडी मिळायला दोन तास गेले. मी सगळा वेळ मनात भाषण जुळवत होते. मी लक्ष्मक्काला सांगणार होते, की चूक यांची नाही, माझी आहे. मी सांगितलं म्हणून यांनी फिरवली. पद्मा तेलुगूत सांगेल. सत्तारभाईंनी मला त्यासाठीच आणलं असणार, अशी माझी खात्री होती. ते मांडीवर हत्यारांची डबी धरून पेंगत होते. सदऱ्याच्या खिशात नागवालीचा जुना ठसा होता. तो लावून दाखवला की विषय संपला असता.

सिरोंच्याला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पद्माच्या घराच्या पडवीत खाट, खाटेवर लक्ष्मक्का. हाडं आणि कातडी, पण केस व्यवस्थित विंचरलेले. शेजारच्या दोन-तीन बायका भेटायला येऊन बसल्या होत्या. डोळ्यांनी लक्ष्मक्काला अगदी थोडं दिसे.

पद्मानं माळ आणून आईच्या हातात दिली. "इदि नादि कादु," म्हातारी म्हणाली. हे माझं नाही. मग तिनं उजव्या हाताचा अंगठा पुतळीच्या मागं घातला, घासला, आणि विंचू चावल्यासारखा काढून घेतला. "गड्डम," ती म्हणाली.

"दाढी लागते म्हणते," पद्मा म्हणाली. "अम्मा पहिल्यापासून अशीच करते. बसली, बोलून राह्यली, की अंगठा मागं. मागची ती नागम्मा म्हणते अम्मा. तिच्या सासूनं सांगतलं होतं, राजा पुढं राहू दे, तो रस्त्यावर पाहीन. नागम्मा आपल्या अंगाले पाह्यजे. लहानपणी आम्ही बिमार पडलो तर अम्मा आमचाबी अंगठा धरून तिथी लावे."

मला त्या गुळगुळीत चेहऱ्याचा अर्थ कळला. रोमच्या बाजारानं तो झिजवला नव्हता. सासूच्या, तिच्या सासूच्या, आणि या बाईच्या अंगठ्यानं झिजला होता. कोणा अडाण्यानं ती उलटी टांगलेली नव्हती. ती जशी हवी होती तशीच टांगलेली होती, आणि मी एका बाईच्या छातीवरून तिची नागम्मा काढून तिथं एक परका दाढीवाला ठेवला होता.

सत्तारभाई खाली बसले. तारेचा वेढा त्यांनी सोडवला. चप्पल काढून धागा अंगठ्याला लावला. सुई ओवता येईना, ती मी ओवून दिली. दोन जुन्या भोकांतून धागा घातला, मेण लावलं, गाठी मारल्या. शेजारच्या बायका बघत होत्या. काम पाऊण तास चाललं. गाठी सगळ्या सारख्या आल्या.

माळ लक्ष्मक्काच्या हातात गेली. अंगठा मागं गेला. थांबला. मग सावकाश वरून खाली, खालून वर फिरला. तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. किती दिवसांनी घरी आल्यासारखा.

"नादे," ती म्हणाली. माझीच.

पद्मा रडायला लागली. मी भाषणासाठी पुढं सरकले. तेवढ्यात म्हातारीनं तेलुगूत काहीतरी विचारलं, सरळ सत्तारभाईंकडे तोंड करून. पद्मा ओशाळली. "जाऊ द्या, भाई. तिले समजत नाई."

"काय म्हणते, सांगा."

"म्हणते... एवढे दिवस कुठी ठेवली होती?"

म्हणजे तिच्या लेखी पटव्यानं माळ बदललीच होती आणि आता भिऊन खरी परत आणली होती. पद्मा म्हणाली, "भाई, तुमच्यापाशी ठसा हाय ना, तो दाखवा. मी सांगते तिले." मी म्हटलं, "थांबा, मी सांगते." सत्तारभाईंचा हात खिशापर्यंत गेलाही. मग त्यांनी तो काढून घेतला, माझ्याकडे न बघता मला थांबायची खूण केली, आणि आपल्या मोडक्या तेलुगूत म्हणाले, "ना दग्गरे उंडे, अम्मा. तप्पु अयिंदि." माझ्यापाशीच होती, अम्मा. चूक झाली.

शेजारच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. लक्ष्मक्कानं हात चाचपडत पुढं केला. त्यांच्या टोपीवर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. न केलेल्या चोरीची माफी त्यांनी मान खाली घालून घेतली. आणि मी, बोलायला आलेली बाई, गप्प बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी परतताना मी चिडून विचारलं, "कशाला कबूल केलंत? मी होते ना सांगायला."

"बाई, पलटली होती, फिरवली होती, हे तिले समजवाले किती टाईम लागला असता? तिच्यापाशी किती टाईम हाय? मी नाई नाई म्हणत बसलो असतो, तर तिच्या मनात राह्यलं असतं, का हेबी खरं का नाई. चोरानं परत आणून देल्ली, म्हंजे खरीच असंन. झाली ना तिची खात्री."

"आणि तुमचं?"

त्यावर त्यांनी फक्त "पाहू" म्हटलं आणि खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले. तेव्हा मला कळलं की त्यांनी मला खरोखरच बोर्ड वाचायला आणलं होतं.

जे व्हायचं ते झालं. पडवीतल्या बायकांनी जे ऐकलं ते सिरोंच्यात पसरलं, तिथून अहेरीत. चंद्रपूरच्या पटव्यानं तोंडानं कबूल केलं. पद्मा सगळ्यांना खरं सांगत होती, पण आईची बाजू सोडून परक्याची घेणाऱ्या मुलीचं कोण ऐकतं. त्या बाजूनं सत्तारभाईंकडे पुन्हा एकही माळ आली नाही. मी म्हणत असे, मी जाऊन चार घरांत सांगून येते. ते म्हणत, "अम्मा हाय तवर नाई."

लक्ष्मक्का पुढं सात-आठ महिने जगली. डॉक्टरांचं काही खरं नसतं. ती गेल्याचा पद्माचा फोन आला, त्या दुपारी मी गल्लीत गेले. सत्तारभाई भिंतीला टेकून बसले होते. पुढ्यात एक साधी पोत होती, काळ्या मण्यांची. दिवसाचं तेवढंच काम. मी बातमी सांगितली. त्यांनी डोळे मिटून ओठांत काही म्हटलं.

"आता तरी लोकांना सांगू द्या," मी म्हणाले.

"आता तर नाईच. अम्मा मरताना खोटं बोलून गेली, असं होईन ना मंग."

रजईवाल्याचा कापूस पिंजायचा आवाज चालू होता. मी स्टुलावर बसून राहिले. जे वाक्य मी आळापल्लीच्या स्टँडवर जुळवलं होतं आणि सिरोंच्यात गिळलं होतं, ते आता म्हटलं.

"चूक माझी होती, सत्तारभाई."

मला वाटलं ते म्हणतील, नाई बाई, तुमची काय चूक. त्यांच्या जागी कोणीही तेच म्हटलं असतं, आणि खरं सांगायचं तर तेच ऐकायला मी गेले होते.

त्यांनी मान वर केली. "हो," ते म्हणाले.

रागानं नाही, तुसड्यासारखंही नाही. विचारलं ते सांगावं तसं. मग त्यांनी समोरच्या टपरीवर हात करून एक चहा सांगितला. एकच, कारण रमजानचे दिवस होते. तो आल्यावर त्यांनी कप स्वतःच्या हातानं माझ्या हातात दिला, आणि मी तो संपवेपर्यंत माझ्याकडे पाठ न करता काळे मणी एकेक करून ओवत बसले.